गुरुवारची सुट्टी

कुपवाडच्या फौंड्रीत आमची सुट्टी गुरुवारी असायची.
रविवार बाकीच्या जगाचा.
गुरुवारी सकाळी साडेसहाला सरकारी घाटावर आम्ही चौघं,
पायरीवर चपला, चपलांत घड्याळं.
सुकुमार चौगुले सूर मारायचा, प्रल्हाद वायदंडे त्याला शिव्या द्यायचा,
आणि इलाही नुसता पाठीवर तरंगत म्हणायचा,
"आभाळाला कार्ड पंच करावं लागत नाही बघ."
पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचं,
ओल्या डोक्यानं टपरीवर कांदाभजी, चहा,
आणि उठता उठता तो ठरलेला प्रश्न:
आज पाळी कुणाची?

पाळ्या तेव्हा माझ्याकडं दोन होत्या.
एक कारखान्यातली: पहिली, दुसरी, रात्रीची.
एक टपरीवरची, चौघांत फिरणारी.
पहिली फेब्रुवारीत गेली,
गेटवर खळीनं चिकटवलेल्या कागदावर.
मोल्डिंग बंद, मशीनशॉप चालू,
म्हणजे मी बाहेर आणि ते तिघं आत.
दुसरी कुणी काढून घेतली नाही.
मी खिशात हात घातला
तेव्हा इलाही इतक्या हळू म्हणाला, "राहू दे, तुझं नंतर बघू,"
की टपरीवाल्यानं मान वर केली.

तेव्हापासून मला आठवड्याला सात गुरुवार आहेत.

पहिले दोन महिने दुपारी झोपलोही.
मग झोपेची लाज वाटायला लागली.
बायको शिलाई मशीनवर, पायडलचा आवाज भिंतीतून यायचा,
आणि मी कूस बदलली की तो थांबल्यासारखा वाटायचा.
क्रिकेटची मॅच लावली तरी आवाज बंद ठेवून.
चौकार गेला तर एकटाच, मनातल्या मनात.

मोबाईलवरचा आमचा ग्रुप एप्रिलमध्ये गप्प झाला.
वाटलं, ओव्हरटाइम असेल.
मग प्रल्हादच्या पोरानं सहज सांगितलं,
नवा ग्रुप झालाय, तिघांचा.
तारकर्लीला जायचं ठरतंय, वर्गणी अडीच हजार.
तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, काका.

असं नाही की मला कुणी बोलवत नाही.
बोलवतात.
"तू मोकळाच आहेस ना?"
गॅसचा नंबर लावायला, लग्नात वाढायला,
कुणी गेलं तर रात्रभर मयताजवळ बसायला.
मोकळा. घरही असंच मोकळं म्हणतात,
सामान हलवून झाल्यावर.

परवा मिरजेत, शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंच्या
एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो.
बाकावरच्या माणसानं तंबाखू पुढं केली,
मग विचारलंच, "पाव्हणं, काय करता?"
"आज सुट्टी हाय," मी म्हणालो.
वार गुरुवारच होता.
त्याला पटलं. मलाही, सासूबाईंचा नंबर येईपर्यंत.

नदीवर आता जातो तो दुपारी दोनला.
तेव्हा घाटावर एखादी म्हैस असते, धुणं असतं,
आयर्विन पुलावरून जाणाऱ्यांना खाली बघायला वेळ नसतो.
पलीकडं हात लावत नाही.
मधेच वळतो.

काल वळलो तर पायरीवर माझ्या चपलांशेजारी
आणखी दोन चपला.
उजव्या अंगठ्याला काळ्या दोऱ्याचा टाका,
घड्याळ आत, पट्टा गुंडाळून.
मंगळवार होता.

इलाही पाण्यात होता, पाठीवर.
मी जवळ गेलो. पोट खपाटीला, डोळे मिटलेले.
"रजा काढलीस व्हय?"
कानांत पाणी असावं त्याच्या.
बराच वेळ तो काही बोलला नाही,
आभाळाचंही काही बोलला नाही.
मीही मग पाठीवर झालो,
दोघांत एक हाताचं अंतर राखून.

वर आल्यावर अंग पुसलं, टॉवेल एकच होता.
टपरी उघडी होती, कढईत भजी होती.
तिकडं आम्ही दोघांनीही बघितलं नाही.